मूळ पान आणि कोरे मुखपृष्ठ

बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात राजा रविवर्मा यांची मूळ तैलचित्रे आहेत, आणि त्यांच्याच चित्रांच्या छापील प्रती आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांच्या देवघरांत होत्या. रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, आणि त्या छापखान्यातून लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. येथे मूळ कोणते आणि प्रत कोणती याविषयी कोणाच्याही मनात शंका नसते. चित्रकाराच्या कुंचल्याने रंगविले ते मूळ, यंत्राने काढली ती प्रत. मूळ चित्र राजवाड्यात जपले गेले. देवघरातील प्रत धुराने काजळली तर बाजारातून दुसरी आणता आली.

कलेच्या इतिहासात एक प्रांत मात्र असा आहे की, जेथे हा क्रम दीर्घकाळ उलटा राहिला. तो प्रांत म्हणजे चित्रकथांचा, ज्यांस अमेरिकेत कॉमिक्स म्हणतात. आपल्या पिढीस हा प्रकार अपरिचित नाही. १९६४ ते १९९० या काळात निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळ मराठीतूनही वाचला गेला, आणि अमर चित्र कथेतील राम वाईरकर व प्रताप मुळीक यांची चित्रे मुलांनी, आणि मुलांच्या नावाखाली वडीलधाऱ्यांनीही, आवडीने पाहिली. या प्रांतात छापील अंक हीच खरी कृती मानली जात असे. हाताने काढलेले चित्र हे त्या कृतीप्रत पोचण्याचे केवळ साधन होते. छपाई झाली की साधनाचे काम संपले. हे उरलेले साधन कालांतराने लक्षावधी डॉलरना विकले जाऊ लागले, आणि त्याच्या शेजारी संग्रहाचा एक नवाच प्रकार उभा राहिला. त्यात छापील अंक आधी तयार होतो आणि त्याच्या कोऱ्या ठेवलेल्या मुखपृष्ठावर चित्रकार नंतर हाताने चित्र काढून देतो. त्यास ‘स्केच कव्हर’ म्हणतात. या दोहोंपैकी खरे ‘मूळ’ कोणते, हा वाद वरवर हौशी मंडळींचा वाटतो. परंतु श्रम कोणाचे, नाव कोणाचे आणि पुरावा कोणी जपावयाचा, हे तिन्ही प्रश्न त्यात दडलेले आहेत.

प्रथम मूळ पान म्हणजे काय ते पाहू. अमेरिकन चित्रकथेचे पान ब्रिस्टल बोर्ड नावाच्या जाड, गुळगुळीत कागदावर काढले जाई. एक चित्रकार पेन्सिलीने आकृत्या काढी, दुसरा बहुधा तीवर काळी शाई फिरवी, तिसरा संवादांची अक्षरे लिही. गंमत अशी की, या काळ्या शाईस तिकडे ‘इंडिया इंक’ असेच म्हणतात. पान छापील आकारापेक्षा बरेच मोठे असे. सुमारे १९६७ पर्यंत ते जवळजवळ दुप्पट आकारात काढीत. त्यानंतर साधारण ११ इंच रुंद व १७ इंच उंच कागदाची पद्धत रूढ झाली. रंग या पानावर नसत, ते छपाईच्या वेळी वेगळ्या प्रक्रियेने येत. पानाचे छायाचित्र घेऊन, लहान करून, त्यावरून छपाईचे साहित्य तयार होई. त्यामुळे कॅमेऱ्यास न दिसणाऱ्या फिकट निळ्या पेन्सिलीच्या खुणा, पांढरा रंग लावून केलेल्या दुरुस्त्या, चिकटविलेले संवादाचे फुगे, समासात संपादकाने लिहिलेल्या सूचना, मागील बाजूस नियामक मंडळाचा शिक्का हे सारे मूळ पानावर राही आणि वाचकाच्या हाती पडणाऱ्या अंकात त्यातले काहीच दिसत नसे.

ज्यांनी सरकारी कचेरीत काम केले आहे त्यांस हे चित्र ओळखीचे वाटेल. बाहेर जाते ती स्वच्छ टंकलिखित प्रत. आत राहते ती नस्ती. कच्चा मसुदा कोणी लिहिला, त्यात वरिष्ठांनी काय खोडले, समासात कोणी ‘चर्चा करावी’ असे लिहिले, सही कोणत्या तारखेची आहे, हे सारे नस्तीतच सापडते. आदेश वाचून निर्णय कळतो. निर्णय कसा झाला हे नस्ती वाचूनच कळते. म्हणूनच अभिलेखांचे वर्ग पाडून काही कायम जपावयाचे आणि काही ठराविक मुदतीनंतर नष्ट करावयाचे, असा नियम सर्वत्र असतो. चित्रकथांच्या प्रकाशकांनी आपली मूळ पाने कोणत्याही वर्गात घातली नाहीत. ती रद्दीच समजली गेली. काही कापून फेकली गेली, काही पाहुण्यांस भेट म्हणून दिली गेली, बाकीची गोदामात पडून राहिली. याला अपवाद थोडे. ‘ईसी कॉमिक्स’चे प्रकाशक विल्यम गेन्स यांनी आपल्याकडील मूळ पाने नीट सांभाळून ठेवली, आणि पुढे लिलावाच्या मार्गाने ती संग्राहकांपर्यंत पोचली.

चित्रकारास त्या काळी पानामागे ठरलेला मोबदला मिळे आणि त्याबरोबर सर्व हक्क प्रकाशकाकडे जात. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण सुपरमॅनचे. जेरी सीगल व जो शुस्टर या दोघा तरुणांनी मार्च १९३८ मध्ये १३० डॉलरला सुपरमॅनचे हक्क प्रकाशकास दिले. त्या पात्रावर पुढे एक उद्योगच उभा राहिला, आणि निर्माते मात्र उतारवयात विपन्नावस्थेत होते. लोकमताच्या रेट्यामुळे १९७५ साली त्यांस वार्षिक वीस हजार डॉलरचे निवृत्तिवेतन मान्य झाले. पुढे २०१२ साली तो १३० डॉलरचा उल्लेख असलेला मूळ धनादेशच लिलावात निघाला व १,६०,००० डॉलरना विकला गेला. हक्क ज्या कागदाने गेले तो कागद हक्कांच्या किमतीपेक्षा हजारपटीने महाग ठरला. संग्रहाच्या जगाचा न्याय हा असा आहे.

१९७० च्या दशकात वारे बदलले. नील अॅडम्स यांच्यासारख्या चित्रकारांनी आवाज उठविला की, आम्ही प्रकाशकास छपाईचा हक्क विकला आहे, कागद विकलेला नाही. हळूहळू मोठ्या प्रकाशनसंस्था नवी पाने चित्रकारांस परत करू लागल्या. जुन्या पानांचा प्रश्न तसाच राहिला, आणि तो जॅक कर्बी यांच्या प्रकरणात पेटला.

जॅक कर्बी (१९१७–१९९४) यांनी १९६० च्या दशकात स्टॅन ली यांच्यासमवेत ‘फँटॅस्टिक फोर’, ‘हल्क’, ‘एक्स-मेन’ अशी पात्रे घडविली. आज जगभर ज्यांचे चित्रपट चालतात त्या ‘मार्व्हल’ संस्थेचा पाया त्यांच्या पेन्सिलीने घातला असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. १९८० च्या दशकात मार्व्हलने जुनी पाने परत करण्याचे ठरविले तेव्हा इतर चित्रकारांस एका पानाचे संमतिपत्र पाठविण्यात आले, कर्बी यांस मात्र चार पानांचे. त्यात हक्कांवर पाणी सोडण्याच्या अटी होत्या आणि मोबदल्यात मिळणार होती अवघी ८८ पाने, तीही जवळ बाळगण्यापुरती. कर्बी यांनी सही नाकारली. व्यवसायबंधूंनी निवेदने काढली, बराच गाजावाजा झाला आणि १९८७ साली त्यांस सुमारे दोन हजार पाने मिळाली. त्यांनी त्या संस्थेसाठी काढलेल्या पानांची संख्या दहा हजारांच्या पुढची होती. उरलेल्यांपैकी कितीतरी पाने नंतरच्या काळात बाजारात फिरताना दिसली.

या पानांना नुसत्या पैशापलीकडचे महत्त्व होते ते त्यांच्या समासांमुळे. त्या काळच्या मार्व्हलच्या पद्धतीनुसार चित्रकारास कथेची थोडक्यात रूपरेषा सांगितली जाई. संपूर्ण पाने चित्रकार रचून देई आणि संवाद मागाहून लिहिले जात. श्रेयनामावलीत लेखक म्हणून नाव येई ते संवाद लिहिणाऱ्याचे. कर्बी आपल्या पानांच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवीत की, या चौकटीत काय घडते आहे, कोण कोणास काय म्हणतो आहे. छपाईत समास कापले जात आणि वाचकास या ओळींचा पत्ताही लागत नसे. मूळ पाने पाहावयास मिळू लागली तेव्हा अभ्यासकांच्या लक्षात आले की, कथा रचण्यात चित्रकाराचा वाटा केवढा होता. कर्बी यांच्या वारसांचा मार्व्हलशी चाललेला न्यायालयीन वाद सप्टेंबर २०१४ मध्ये तडजोडीने मिटला. न्यायालयातील मुद्दे कायद्याचे होते. इतिहासकारापुढील मुद्दा श्रेयाचा होता, आणि तेथे समासातील त्या ओळींनी साक्ष दिली. पाने रद्दीत गेली असती तर हा साक्षीदार कायमचा मुका झाला असता.

दुसरे उदाहरण अधिक समाधानाचे आहे. ‘अमेझिंग फँटसी’च्या ऑगस्ट १९६२ च्या पंधराव्या अंकात स्पायडरमॅनचा जन्म झाला. त्या अंकासाठी स्टीव्ह डिटको यांनी काढलेली सर्व २४ मूळ पाने एका व्यक्तीने २००८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयास, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसला, देणगीदाखल दिली आणि आपले नाव गुप्त ठेवले. ती लिलावात काढली असती तर किती रक्कम आली असती याचा अंदाज एका आकड्यावरून येतो. माइक झेक यांनी १९८४ च्या ‘सीक्रेट वॉर्स’च्या आठव्या अंकासाठी काढलेले, स्पायडरमॅनच्या काळ्या पोशाखाचे एकच पान जानेवारी २०२२ मध्ये ३३ लाख ६० हजार डॉलरना विकले गेले. त्या अनामिक दात्याने मात्र ती पाने अभ्यासकांसाठी खुली केली. पांढऱ्या रंगाच्या दुरुस्त्या आणि समासातील संपादकीय सूचना तेथे आज कोणालाही पाहता येतात.

आता स्केच कव्हरकडे वळू. चित्रकथांच्या संमेलनांत चित्रकाराकडून वहीत एखादे झटपट चित्र काढून घेण्याची चाल जुनीच आहे. कोरे मुखपृष्ठ ही त्याच हौसेची पुढली पायरी, आणि ती रुळली एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. ‘हीरो इनिशिएटिव्ह’ नावाची एक धर्मादाय संस्था अडचणीत सापडलेल्या वृद्ध चित्रकथाकारांस मदत करते. ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’चा शंभरावा अंक २००६ साली निघाला तेव्हा या संस्थेसाठी शंभर चित्रकारांनी त्या अंकाच्या कोऱ्या मुखपृष्ठांवर चित्रे काढून दिली व ती विकून निधी उभारण्यात आला. पुढे प्रकाशकांनीच नव्या अंकांच्या काही प्रती मुद्दाम कोऱ्या मुखपृष्ठानिशी काढण्यास आरंभ केला. त्यावर अंकाचे शीर्षक छापलेले असते, बाकी सारा कागद मोकळा, आणि तोही शाई धरणारा, न चकाकणारा. संग्राहक तो अंक विकत घेतो, चित्रकारास गाठतो, आवडीचे पात्र सांगतो आणि बहुधा काही डझन ते काही शे डॉलर देऊन आपल्यासमोर ते काढून घेतो.

यात प्रामाणिकपणाची व्यवस्थाही उभी राहिली आहे. २००० साली स्थापन झालेली ‘सीजीसी’ ही संस्था अंकांची प्रत ठरवून ते पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करून देते. अंकावरील सही किंवा चित्र खरे मानावयाचे तर ते काढताना संस्थेचा साक्षीदार समोर हजर असावा लागतो. आपल्याकडील पंचनाम्याचीच ही रीत. पंच नसेल तर तीच सही, खरी असूनही, अंकावरील वैगुण्य समजली जाऊ शकते.

हे स्केच कव्हर ‘मूळ’ आहे काय? हाताने काढलेले आहे, एकमेव आहे, चित्रकाराच्या सहीचे आहे; त्या अर्थी ते निःसंशय मूळ आहे. परंतु ते कशाचे मूळ, असा प्रश्न केला तर उत्तर मिळत नाही. त्याच्यापासून काही छापले गेले नाही, त्यावर कोणा संपादकाची लेखणी फिरली नाही, कथेचा कोणताही धागा त्यातून जात नाही. आत असलेल्या कथेशी त्या चित्राचा संबंध असेलच असेही नाही. रविवर्मांच्या चित्रात कृती आधी व प्रत नंतर; चित्रकथेच्या पानात साधन आधी व कृती नंतर; येथे प्रत आधी आणि चित्र नंतर. मूळ पान जगले ते योगायोगाने. स्केच कव्हर जन्मले तेच जपले जाण्यासाठी. म्हणूनच जुन्या वळणाचे संग्राहक त्यास नाक मुरडतात. त्यांचे म्हणणे असे की, पान हे कामाचे अवशेष आहे आणि मुखपृष्ठावरील चित्र ही केवळ स्मरणवस्तू आहे. मुलामा चढविलेली सही, असेही कोणी म्हणेल.

या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे. मूळ पान लाखो डॉलरना विकले जाते तेव्हा ती रक्कम बहुतेक वेळा ज्याने ते पूर्वी स्वस्तात घेतले त्याच्या खिशात जाते. ज्याने रात्री जागून ते काढले त्यास, किंवा त्याच्या विधवेस, त्यातले काही मिळतेच असे नाही. स्केच कव्हरचे पैसे मात्र टेबलापलीकडे बसलेल्या हयात चित्रकाराच्या हाती थेट पडतात. सीगल-शुस्टर आणि कर्बी यांच्या कहाण्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांनी या फरकास क्षुल्लक मानू नये. शिवाय सामान्य प्राप्तीच्या माणसास मूळ पान आज परवडत नाही. एखादे स्केच कव्हर परवडते.

दुसरी गोष्ट काळाची. संवादांची अक्षरे १९९० च्या दशकापासून संगणकावर गेली, त्यामुळे त्यानंतरच्या बहुतेक मूळ पानांवर संवादाचे फुगेच नाहीत. पुढे पेन्सिलीचे पान यंत्राने टिपून दूरच्या शाईकाराकडे पाठविण्याची सोय झाली. तो त्याची फिकट निळी छापील प्रत काढून तीवर शाई फिरवितो. त्यामुळे एकाच पानाची दोन ‘मुळे’ तयार झाली. आता अनेक चित्रकार आरंभापासून अखेरपर्यंत पडद्यावरच काम करतात, आणि तेथे कागदी मूळ नसतेच. स्केच कव्हर नेमके याच काळात फोफावले, याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. कामाचा कागद नाहीसा होऊ लागला तेव्हा हाताची खूण शोधणाऱ्यांनी कोऱ्या मुखपृष्ठाचा आश्रय घेतला. आजच्या कित्येक चित्रकारांचा हात पुढील पिढीस पाहावयाचा झाल्यास तो अशा मुखपृष्ठांवरच सापडेल.

म्हणून माझे मत असे की, या दोन प्रकारांस एकाच तराजूत घालू नये. स्केच कव्हर हे भेटीचे स्मारक आहे. त्याचा मान घेणाऱ्या-देणाऱ्यापुरता, आणि तो पुरेसा आहे. मूळ पान हे दप्तर आहे. त्याचा मान सार्वजनिक आहे. पहिले घरी ठेवले, विकले, भेट दिले तरी कोणाचे काही जात नाही. दुसरे नाहीसे झाले तर एखाद्याचे श्रेय नाहीसे होऊ शकते. किंमत दोहोंस असेल, जबाबदारी मात्र दुसऱ्यासच आहे. बाजार हा भेद करीत नाही, म्हणून तो संग्राहकाने करावयास हवा. ज्याच्या हाती मूळ पान आहे त्याने निदान त्याच्या समासांसह त्याची प्रतिमा अभ्यासकांस उपलब्ध करून द्यावी, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

या विषयाचा आपल्या घरांशीही संबंध आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून मोडी रुमाल गोळा केले, कारण वाड्यावाड्यांतील कागद वाळवी आणि बंब यांच्या स्वाधीन होत होते. इंदूर-ग्वाल्हेरकडील कित्येक घराण्यांनी तेव्हापासून आपली दप्तरे जपली हे भूषणावह आहे. परंतु जे मोडी कागदांस लागू केले ते चित्रांस आपण लागू केले नाही. गोव्यात मडगावी जन्मलेले दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केला. मराठी दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आणि पुस्तकांची वेष्टने ही दलाल, मुळगावकर आणि त्यांच्या समकालीनांनी आधी कागदावर रंगविली आणि मगच त्यांचे ब्लॉक झाले. छापील अंक आपण बासनात बांधून ठेवले; ब्लॉक करणाऱ्याकडे गेलेल्या मूळ चित्रांची तशी काळजी आपल्या समाजाने घेतलेली दिसत नाही.

ज्या कुटुंबांत कोणी चित्रकार, मुद्रक, ब्लॉकमेकर किंवा नियतकालिकाचा संपादक होऊन गेला आहे, त्यांनी माळ्यावरील जुन्या फायली एकवार उघडून पाहाव्यात. एखादे चित्र सापडले, कडेला मापाच्या रेघा किंवा पेन्सिलीतील ‘दोन रंग’, ‘सहा इंच’ असे शेरे दिसले, तर तो कागद छपाईसाठी काढलेला मूळ कागद आहे असे समजावे. चौकटीत बसविण्यासाठी त्याच्या कडा कापू नयेत; शेरे पुसून चित्र ‘स्वच्छ’ करू नये; त्यास प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवून घेऊ नये आणि उन्हाच्या भिंतीवर टांगू नये. चित्र कोणाचे, कोणाकडून आले, कोणत्या अंकासाठी होते, हे आठवणारे माणूस घरात आहे तोवर वेगळ्या कागदावर लिहून चित्रासोबत ठेवावे. समासातील तो पेन्सिलीचा शेरा उद्या कोणाच्या श्रमांचा एकमेव पुरावा ठरेल, हे आज सांगता येत नाही.